खांब नसलेलं वाचनालय

आमचे हे वीस वर्षं फौजेत पूल बांधत होते. डावा गुडघा तिथेच कायमचा ताठला. मग पंचवीस वर्षं या भागात आर्किटेक्ट म्हणून शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या बांधल्या. फौजेतली एक सवय मात्र सुटली नाही. पुलावरून पहिला ट्रक जाताना बांधणाऱ्याने पुलाखाली थांबायचं.

वाचनालय हे त्यांचं शेवटचं काम. वाचणाऱ्याच्या आणि खिडकीच्या मधे काही नको, म्हणून एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. समितीच्या अध्यक्षांच्या जिवाला घोर.

"मेजर, छत जास्त वाकलं तर मी मधे चार खांब उभे करणार!"

"चारच? आठ करा, कपडे वाळत घालता येतील."

छताखालचे टेकू काढायच्या सकाळी ह्यांनी छताच्या मधोमध ओळंबा सोडला. त्याचं टोक फरशीपासून आडव्या काडेपेटीएवढं वर. "छत वाकेल तेवढा हा खाली येईल. सगळे टेकू निघाल्यावर याखालून माझी पेन्सिल गेली पाहिजे. अडकली तर घाला खांब, तुमच्या खांबांच्या कागदावर मी स्वतः सही करतो."

आणि स्टूल ओढून तिथेच बसले.

मिस्त्री काकुळतीला आला. "साहेब, बाहेर व्हा. माझे हात थरथरतात."

"थरथरू देत, हातोडा हळू लागेल. मधला टेकू आधी, मग कडेकडेला."

दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं, रोजचंच. नको म्हणणार कशी? जपमाळ घेऊन शेजारी जाऊन बसले.

"अगं, तू कशाला?"

मी नुसतं त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"वहिनी, निदान तुम्ही तरी…" अध्यक्ष दाराबाहेरूनच.

टेकू निघत गेले. शेवटचा निघाला तेव्हा वर कुठेतरी 'टक्' झालं. माझ्या बोटांतला मणी तिथेच थांबला. ओळंबा थरथरला, मग स्थिरावला.

गुडघा वाकत नाही, म्हणून हे सरळ फरशीवर पालथे झोपले. कानामागची पेन्सिल काढली आणि ओळंब्याखालून ढकलली.

"आली साहेब!" पलीकडून मिस्त्री ओरडला. "अजून वर जागा आहे!"

अध्यक्ष आत आले, मधोमध उभे राहिले आणि मान मागे टाकून वर बघतच राहिले. "मेजर," ते शेवटी म्हणाले, "खांबांचा कागद मी फाडतो."

"फाडू नका. पाठकोरा आहे, कामाला येईल."

घड्याळात बारा वाजले.

"उठा आता," मी म्हटलं, "आणि माझी खुर्ची कुठल्या खिडकीशी ठेवायची, ते सांगा."