ड्राय फोर्कची लाइन क्लिअर

"कंट्रोल, समिट बोलतंय. पॅसेंजर आली. वेळेवर आली, हे लिहून ठेवा, कारण परत असं होईलसं वाटत नाही."

व्हर्लिननं रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला. त्याच्या दोन्ही हातांत लोहचुंबकाचे तुकडे होते. प्रत्येक तुकडा म्हणजे एक गाडी. समोरच्या पत्र्याच्या फळ्यावर रेघांनी सगळी रेल्वे काढलेली होती.

"थांब जरा, हार्लन."

"हार्लन कोण? मी पॅसेंजरचा ड्रायव्हर. आर्डिथ असती तर नाव घेतल्याबद्दल तिनं फोनच आपटला असता." मग हार्लन हळूच म्हणाला, "माफ कर रे. तोंडातून गेलं."

"बरोबरच बोललास. आपटलाच असता." व्हर्लिननं फळ्याकडे पाहिलं. समिटपासून ड्राय फोर्कपर्यंत घाटात एकच रूळ होता आणि त्यावर कुणी नव्हतं. "पॅसेंजर, ड्राय फोर्कपर्यंत लाइन क्लिअर."

"मिळाली. गाडीच्या वेळेला निघतो. अजून अवकाश आहे, तेवढ्यात राजमा-खिम्याच्या चिलीची वाटी भरून घेतो."

फायर स्टेशनच्या तळघरातली ही रेल्वे इथल्या बहुतेकांच्या लग्नांपेक्षा जुनी होती. खोऱ्यातली कोळशाची खरी लाइन कंपनीनं उखडून नेली, तेव्हा गावातल्या काही पोरांनी ती लाकूड, प्लॅस्टर आणि भुसा वापरून इथं छोटी करून बांधायला घेतली. ती पोरं आता सत्तरीत होती आणि बांधकाम अजून चालूच होतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधीच्या शनिवारी ते पूर्ण वेळापत्रक चालवत. त्या दिवशी क्लबचं घड्याळ चौपट वेगानं धावायचं. प्रत्येकाकडे एक गाडी असायची; हातातल्या बटणांनी ती चालवत तो तिच्या बाजूनं चालायचा. स्टेशनात आलं की भिंतीवरचा फोन उचलायचा, कंट्रोलला विचारायचं आणि परवानगी मिळाली तरच हलायचं.

कंट्रोलची खोली पायऱ्यांखाली होती. तिथून रेल्वे दिसत नसे. पहिल्या मंडळींनी मुद्दामच तसं केलं होतं, कारण खऱ्या कंट्रोललाही गाड्या दिसत नसत. तीस वर्षं त्या खोलीत व्हर्लिनची बायको आर्डिथ बसली. घरी ती त्याला "अरे ए" म्हणायची. फोनवर मात्र "कोळसागाडीचे ड्रायव्हर, आपण लूपमध्ये थांबा." व्हर्लिन दर वर्षी कोळसागाडी चालवायचा आणि दर वर्षी आर्डिथ त्याला ड्राय फोर्कच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, पॅसेंजरच्या क्रॉसिंगसाठी ताटकळत ठेवायची.

एप्रिलमध्ये ती गेली. खुर्ची रिकामी झाली.

क्लबचा अध्यक्ष रॉय क्लिंगमन कॉम्प्युटर घेऊन आला होता. त्याचं खोकं जिन्याजवळ ठेवलेलं होतं. "माणूस नको, खोली नको. भिंत पाडू, तिथं यार्डाच्या आणखी चार लाइनी बसतील." रॉय वाईट माणूस नव्हता. आर्डिथच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला होता. पण आज गाड्या संपल्या की हात वर करून मतं घ्यायची होती. व्हर्लिननं जन्मात कधी कंट्रोल केलं नव्हतं. तो गावच्या पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करायचा. तरी तो म्हणाला, "या वर्षी मी बसतो. वेळापत्रक पुरं झालं तर खोली ठेवा." रॉय म्हणाला, "आणि नाही झालं तर?" व्हर्लिन म्हणाला, "तर हातोडा मी आणतो."

आणि आता दुपारपर्यंत जमत आलं होतं! सकाळी प्रत्येक चुंबक तो दोनदा तपासून सरकवत होता, आता हात आपसूक चालत होते. फोन वाजला की उचल, फळा बघ, चुंबक सरकव, पुढचा फोन. यार्डवाले ओरडत होते, मालगाडीचे डबे कमी पडत होते, सॉमिल स्टेशनात कुणी तरी रुळाचा सांधा उलटा टाकून ठेवला होता. त्यानं सगळं निस्तरलं. भिंतीपलीकडून चाकांची बारीक घरघर, हसणं, शिट्ट्या ऐकू येत होत्या. एकदाही गाडी दिसली नाही, तरी कोण कुठं आहे हे त्याला कळत होतं. पूर्वी घरी परतताना तो मोटारीत आर्डिथला म्हणायचा, "आज मोठी गंमत झाली, तुझं बघायचं राहिलं." ती म्हणायची, "काही राहिलं नाही. सगळ्या गाड्या माझ्यापाशीच होत्या." ते त्याला आज समजलं.

फोन वाजला.

"कंट्रोल, ड्राय फोर्क. कोळसागाडी." लुएलाचा आवाज. ती पोस्टातून निवृत्त झालेली, जिभेनं तिखट. या वर्षी त्याची गाडी तिच्याकडे होती. "चाळीस डबे ओढून आणलेत, एकही पडला नाही. आता सांगा, लूपमध्ये सडवणार का? तुमच्या घराण्याची रीतच आहे ती."

व्हर्लिनला हसू फुटलं. त्या लूपमध्ये उभं राहून किती कॉफी गार केली होती त्यानं! मनात किती वेळा म्हटलं होतं, एकदा तरी सोड ना बाई. फळ्यावर घाट मोकळा होता. पॅसेंजरचा तुकडा समिटलाच चिकटलेला होता.

"कोळसागाडी, समिटपर्यंत लाइन क्लिअर. जा!"

"अगं बाई! जाते, जाते, मत बदलायच्या आत जाते."

त्यानं कोळसागाडीचा तुकडा घाटावर सरकवला आणि खूश होऊन यार्डाचे दोन फोन घेतले. मग त्याची नजर घड्याळावर गेली. पॅसेंजरची सुटायची वेळ होऊन गेली होती. तिचा तुकडा घाटात सरकवायला त्यानं हात उचलला.

घाटात कोळसागाडी होती.

 लाइन क्लिअर त्यानं दोघांनाही दिली होती. हार्लन वेळेची वाट बघत उभा होता म्हणून त्याचा तुकडा हलवला नव्हता, आणि न हलवलेला तुकडा बघून तो विसरला होता. एक गाडी खाली येतेय, एक वर जातेय, मध्ये बोगदा. डोंगर छतापर्यंत बांधलेला. लुएला अलीकडच्या बाजूला, हार्लन पलीकडच्या. एकमेकांना दिसणार नाहीत. चालत्या गाडीला फोन करता येत नाही, आणि त्या गलक्यात हाक पोचणार नाही.

भिंतीवर लाल दांडा होता. तो ओढला की सगळ्या रेल्वेची वीज जायची, घड्याळसुद्धा थांबायचं. आर्डिथनं तो कधीच ओढला नव्हता. ओढला की तळघरातल्या सगळ्यांना कळणार, रॉयला कळणार, खोली जाणार. नाही ओढला तर, कुणास ठाऊक, त्यांचं त्यांना दिसेलही.

त्यानं दांडा ओढला.

घरघर बंद झाली. कुणी तरी म्हणालं, "अरे, काय झालं?"

व्हर्लिन दारात आला. "घाटात दोन गाड्या सोडल्यात मी," तो म्हणाला. "समोरासमोर. चूक माझी."

 सगळेच डोंगराकडे धावले. डोंगराचा माथा उचलता येतो, पण तो कित्येक वर्षांत उचललाच नव्हता. चौघांनी मिळून सोडवला. रॉय स्टुलावर चढला आणि त्यानं बॅटरीचा झोत आत टाकला.

"अरे देवा," रॉय म्हणाला.

"काय? धडकल्या? रॉय, बोल की!" लुएला ओरडली.

"हात जाईल एवढी जागा आहे मध्ये. म्हणजे माझा जाडा नाही, तुझा बारीक."

तळघरात असा आरडाओरडा झाला की वरून फायरमन धावत आला. जो तो स्टुलावर चढून बघत होता. दोन इंजिनं अंधारात नाकासमोर नाक आणून उभी होती. हार्लनच्या मिशीला चिली लागलेली होती आणि तो सगळ्यांना सांगत होता, "मी मजेत उतरत होतो, शपथ, गाणं म्हणत होतो!" लुएला म्हणाली, "म्हणूनच थांबली गाडी." रॉय स्वतः फोटो काढत होता, एकावर एक.

"हातानं उचलून मागं ठेवू का?" हार्लननं विचारलं.

"खबरदार," लुएला म्हणाली. "खरी रेल्वे हातानं उचलतात का? कंट्रोलनं घोळ घातलाय, कंट्रोल निस्तरेल."

सगळ्यांनी व्हर्लिनकडे पाहिलं. तो खोलीत परत गेला. दांडा वर केला. घड्याळ चालू झालं. फोन वाजला.

"पॅसेंजर," व्हर्लिन म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, "आपण मागे मागे समिटला जा आणि लूपमध्ये थांबा. कोळसागाडी पुढे जाईल."

"जी, कंट्रोल," हार्लन म्हणाला.

पुढचा सगळा वेळ पळापळीत गेला. वेळापत्रक विस्कटलं होतं ते त्यानं एकेका स्टेशनावर ओढून सरळ केलं. क्लबच्या घड्याळात मध्यरात्र व्हायच्या जराशी आधी शेवटची मालगाडी यार्डात शिरली आणि टाळ्यांनी भिंत हादरली.

रॉय उभा राहिला. "मतं घ्यायचीत. मी एवढंच म्हणतो, कॉम्प्युटरनं ही चूक केली नसती."

"तेच तर!" लुएला म्हणाली. "केलीच नसती. मग वर्षभर आपण बोललो असतो कशावर?"

रॉय हसायला लागला. त्याच्या हातातल्या मोबाइलवर अजून ते फोटोच होते. खोली ठेवायची म्हणून हात वर करायला सांगितलं, तेव्हा त्याचाही वर गेला.

"पण पुढच्या वर्षी मी बसणार कंट्रोलला," हार्लन म्हणाला.

"तुझ्यानंतर मी," लुएला म्हणाली. "या व्हर्लिनला लूपमध्ये सडवायचंय मला." मग आणखी दोघांनी नावं सांगितली. पाळी कुणाची यावरून वाद पेटला. व्हर्लिन ऐकत राहिला. खोली वाचली होती. ती आता सगळ्यांची झाली होती.

हार्लन लगेच आत जाऊन बसायला गेला. तो गावातला सगळ्यात उंच माणूस, स्कूल बस चालवायचा. त्याचे गुडघे टेबलाला आपटले.

"ही खुर्ची एवढी खाली का? दिवसभर बसलास कसा तू?"

आर्डिथ बुटकी होती. खुर्ची तिच्या मापाची होती. सकाळपासून व्हर्लिन गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"वर घेऊ का?" हार्लननं हळू विचारलं.

"ऊठ," व्हर्लिन म्हणाला. तो खाली वाकला, सीटखाली चाचपून त्यानं कळ शोधली. ती घट्ट बसली होती. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला.

"पुरे झालं की सांग," तो म्हणाला.