गुणाबाईची थोरली सवत

आपल्या घरी पाच सवती नांदतात, असं गुणाबाई मेश्राम गावभर सांगायची. सांगताना चेहरा इतका गंभीर ठेवायची, की नवखा माणूस बिचारा मान खाली घालून सांत्वनाचे शब्द शोधायला लागायचा. मग ती त्याला घरापुढच्या छपरीत न्यायची आणि भिंतीलगतची गोणपाटं उचलून दाखवायची. खाली पाच जुन्या साखळीच्या करवती असायच्या. पेट्रोलवर चालणाऱ्या, परदेशातून आलेल्या, एकेकीचं वजन तान्ह्या वासराएवढं.

"ह्या पाहा," ती म्हणायची. "रोज आंघोळ ह्याइची, तेल ह्याइले. मले मात्र भाजीत मीठ कमी हाय एवढंच सांगतेत."

तिचा नवरा खुशालराव हे ऐकून मिशीत हसायचे आणि कानस चालवत राहायचे. लाकूड डेपोच्या वर्कशॉपात त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला होता. त्र्याऐंशी साली रिटायर झाले. माणसं रिटायर झाली की शेती बघतात, विहारात बसतात, नाहीतर गावाच्या भांडणात तोंड घालतात. ह्या गृहस्थाने करवती जमवल्या. कुठं लिलावात, कुठं भंगाराच्या ढिगात, कुठं ठेकेदाराच्या गोठ्यात, जिथं म्हणून अशी एखादी गंजत पडल्याचं कानावर येई तिथं स्वारी निघालीच म्हणून समजा.

थोरली तर सिरोंचाहून आणली होती. तिथल्या एका जुन्या शेडात ती पडलेली, आणि तिच्यावर कोंबडी अंडी उबवत बसलेली. पिल्लं निघेपर्यंत खुशालराव तिथंच मुक्काम ठोकून राहिले. मग एसटीच्या टपावर चढवून तिला आणलं, आणि कंडक्टरने विचारलं तेव्हा उसाचा रस काढायचं यंत्र आहे असं ठोकून दिलं. अख्ख्या प्रवासात कंडक्टर रसवंती कुठं टाकणार म्हणून विचारत होता.

थोरली दोन माणसांची करवत होती. एका टोकाला इंजिन, ते एकाने धरायचं. मग पुरुषभर लांबीचं पातं, आणि पात्याच्या दुसऱ्या टोकाला एक मूठ. ती दुसऱ्याने धरायची. डेपोत असताना खुशालराव आणि एटापल्लीकडचा लालसू अशीच एक करवत चालवून तपासायचे. तिचा आवाज पार नदीपलीकडे जायचा. आता लालसू आपल्या गावी परतला होता, आणि गुडघ्यांनी त्याला खाटेवर बसवलं होतं.

शहाऐंशीच्या पौषात धानाची मळणी झाली, पोती अंगणात आली, आणि आभाळ भरून आलं. गुणाबाईने पोत्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"धान बाहेर आन् ह्या आत, असं नाई चालत," ती म्हणाली. "एक ठेवा. चौघीइले रविवारी बिरजू घेऊन जाईन. मी निरोप धाडला."

बिरजू म्हणजे सिंदेवाहीचा भंगारवाला. त्याचा बैल कुणाच्या दारात थांबला की त्या घरातलं निदान एक घमेलं तरी कमी व्हायचं.

"एक कोनती ठेवू?" खुशालरावांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"मले काय विचारता? बांधावर वादळानं पाडलेला मोहा हाय ना, तो कापून दाखवा. जी कापंन ती राहीन. सवतीइचं सयंवर लावा."

गावाला तर असलं काही हवंच होतं. ज्याला त्याला आपलं मत सांगायचं होतं, आणि करवत कशाशी खातात हे ठाऊक नसणाऱ्यांना जास्तच.

खुशालराव मात्र हबकले होते. पाचींपैकी तिघींचं त्यांना फार वाटत नव्हतं. एकीचं सिलिंडर चिरलेलं, दुसरीचे भाग जगात कुठं मिळत नव्हते, तिसरी चालायची पण धूर असा ओकायची की शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन धावत यायचे. खरा प्रश्न दोघींचाच होता. एक नारिंगी रंगाची धाकटी. ती एकट्याने चालवायची, दुसऱ्या झटक्याला सुरू व्हायची, वजनाला बेताची. शहाण्या माणसाने तिच्यावर बोट ठेवलं असतं. आणि दुसरी थोरली, जी घरी आल्यापासून एकदाही बोलली नव्हती.

खुशालरावांना थोरली हवी होती. डेपोतला तो आवाज तिच्या तोंडून एकदा पुन्हा ऐकायचा होता. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी एक नट कसायला बोलावलं नव्हतं, आणि ती गेली तर आपण पोत्यांमधलं एक पोतं होऊन बसू अशी त्यांना भीती वाटत होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. थोरलीला मात्र सांगितलं, साखळीच्या दातांवर कानस चालवता चालवता.

"त्या लोखंडाशी बोलता तेवढं माणसाशी बोलले असते तं," गुणाबाई चुलीपासून म्हणाली.

कानशीच्या आवाजात ते त्यांना ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी हात गारठून जावेत अशी थंडी होती. तरी निम्मं गाव बांधावर. बिरजूने बैल सोडून पळसाला बांधला आणि तराजू काढून ठेवला. हे खुशालरावांना मुळीच आवडलं नाही.

धाकटीने काम चोख केलं. दुसऱ्या झटक्याला सुरू, आणि बघता बघता शेंड्याकडची जाड फांदी खाली. लोकांनी माना डोलावल्या.

"झालं की मंग," बिरजू म्हणाला. "खुशालभाऊ, बाकीच्या चढवू का गाडीवर?"

"थोरली राह्यली अजून," खुशालराव म्हणाले. "तू तिकडची मूठ धर."

बिरजूला नाही म्हणता येईना. त्याने मूठ धरली. खुशालरावांनी दोर ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. कुणीतरी खोकलं. आणखी एकदा ओढला, आणि थोरली गरजली. बिरजूचा बैल दावं तोडायला लागला. पोरं आयांच्या मागे लपली. खुशालरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराने आलं असं त्यांनी नंतर पुष्कळांना सांगितलं.

पातं बुंध्यावर टेकलं. भुसा उडाला. वीतभर आत गेलं असेल नसेल, तोच साखळीतून निळा धूर निघाला. खुशालरावांनी अंगठ्याने तेलाचा पंप दाबला. पंप दगडासारखा घट्ट. साखळीला तेलाचा थेंब नाही. ती कोरडीच किंचाळली, रखडली आणि गच्च थांबली. खुशालरावांनी इंजिन बंद केलं. मूठ टाकून बिरजू केव्हाच बैलाशी जाऊन उभा होता.

"म्या नाई धरत आता," तो तिथूनच म्हणाला. "ते जिवंत हाय."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. खुशालरावांनी पाचर ठोकून पातं मोकळं केलं, तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आत बघत बसले. हरलो, एवढंच त्यांना कळत होतं.

गुणाबाई पुढं आली. टाकीत बोट घातलं, बाहेर काढलं, आणि बोटावरचा पिवळट गोळा सगळ्यांना दाखवला.

"हे काय भरलं तुमी?"

"टोरीचं तेल. दिवाळीच्या आधी भरलं होतं. चांगलं पातळ होतं तवा."

बायकांमध्ये जी खसखस पिकली ती आधीच्या हसण्याहून मोठी होती. मोहाच्या बियांचं ते तेल हिवाळ्यात तुपासारखं थिजतं, हे झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं.

"इतके वर्सं झाले," गुणाबाई म्हणाली, "थंडीत रोज सकाळी शिशी उन्हात ठेवतो, मंग तुमची भाजी फोडणीले टाकतो. तुमच्याच खाटेपाशी ठेवतो शिशी. कधी दिसली नाई?"

खुशालरावांना शिशी आठवेना. खाट आठवली, ऊन आठवलं, मांडीवरची कानस आठवली. ते खरोखर वरमले.

"नाई दिसली," ते म्हणाले.

गुणाबाईने मग आणखी काही सुनावलं नाही. घरी जाऊन चुलीवरचं आधणाचं भगोनं घेऊन आली. त्यात फडकं बुडवून तिने टाकीला शेक दिला, बाळंतिणीला देतात तसा सावकाश. पंप हळूच हलला. साखळीवर तेल उतरलं.

"पन धरंन कोन?" खुशालराव म्हणाले. "लालसू तं नाई."

गुणाबाईने पदर खोचला, लुगड्याचा काष्टा आवळला आणि पात्यापलीकडची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"दाबू का नुसती धरू?"

"नुसती धर. मी सांगंन तसं."

"आज तरी सांगा काई," ती म्हणाली.

थोरली पुन्हा गरजली. खुशालराव ओरडून सांगत होते, गुणाबाई ओरडून विचारत होती, आणि दोघांचं एकमेकांना काही ऐकू जात नव्हतं, तरी पातं सरळ जात होतं. बुंध्याचे दोन तुकडे झाले तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, सगळीकडे भुसा होता. तिला हसू आवरत नव्हतं. खुशालरावांनी तिला असं हसताना कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवावं लागलं.

बिरजू तराजूजवळ आला. "मंग बाई, कोनत्या नेऊ? नारिंगी तं ठेवसान ना? ते बरी हाय, एकट्यानं चालते."

"तेच ने आधी," गुणाबाई म्हणाली. "एकट्यानं चालनारी मले घरात नाई पाह्यजे."

खुशालरावांनी धाकटी स्वतः उचलून गाडीवर ठेवली. मग थोरलीचं इंजिन त्यांनी खांद्याशी घेतलं, पात्याकडची मूठ गुणाबाईने धरली, आणि दोघं बांधावरून घराकडे निघाली. वाटेत ती आपल्या सवतीची सगळी गाऱ्हाणी त्यांना सांगत होती. ते एकेकाला उत्तर देत होते. घर आलं तेव्हा बोलणं संपलं नव्हतं, म्हणून ती दोघं थोरलीला घेऊन आणखी थोडा वेळ अंगणातच उभी राहिली.