मशीनला झेपत नाही

भुईगावच्या आग्नेल अंकलनी आयुष्यभर तीन गोष्टी जपल्या: व्हायोलिन, चष्मा आणि स्वतःचं मत. पैकी चष्मा दोनदा हरवला. मत मात्र कधी हरवलं नाही, आणि ते द्यायचं तर समोरच्याच्या तोंडावर, असा त्यांचा खाक्या. चर्चच्या कॉयरमध्ये त्यांनी चौतीस वर्षं व्हायोलिन वाजवलं. तेवढ्या काळात गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी सूर शिकवला आणि उरलेल्या निम्म्यांना "तू आपला फुटबॉल खेळ" असं सांगून घरी पाठवलं. त्या पोरांच्या आया अजूनही रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर अंकलना बघून रस्ता बदलतात.

शिकवताना त्यांची एक म्हण ठरलेली होती, नाचता येईना अंगण वाकडं. तार ढिली आहे, गज जुना आहे, हाताला घाम आलाय, असलं कुणी काही बोललं की अंकल म्हणायचे, "अंगण सरळ आहे बाळा, तू पाय बघ."

ही म्हण सगळ्यात जास्त वेळा ऐकली असेल ती कॉन्रॅडने. कॉन्रॅड शेजारच्या प्रिसिलाचा मुलगा. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरलं होतं ते अंकलनीच, आणि सातव्या वर्षी त्याच्या हातांत व्हायोलिन दिलं तेही त्यांनीच. एकदा एकच सूर चाळीस वेळा वाजवून घेतला, पोरगं रडकुंडीला आलं. प्रिसिला कुंपणावरून ओरडली, "अरे, मारतोस का काय त्याला?" अंकल म्हणाले, "आज मी रडवलं तर उद्या जग हसणार नाही." अंकलना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. कॉन्रॅडवर त्यांचा जीव होता, हे गावात सांगावं लागत नसे.

आता कॉन्रॅड अठ्ठावीसचा. व्हायोलिन सुटलं, पण कान राहिला. घरामागे केळीच्या वाडीकडे उघडणाऱ्या खोलीत त्याने भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, एक कॉम्प्युटर मांडला, दोन स्पीकर लावले आणि तिथे तो लग्नाची गाणी, जाहिरातींची गाणी असलं काय काय बनवायला लागला. चर्चला शंभर वर्षं पुरी होणार होती. कॉयरची दहा गीतं रेकॉर्ड करून चर्चच्या सणाच्या दिवशी लोकांना द्यायची असं फादरांनी ठरवलं, आणि काम कॉन्रॅडकडे आलं.

अंकल हरखले. चौतीस वर्षांत त्यांच्या व्हायोलिनचा एक सूरही कुठे नोंदलेला नव्हता. वाजवलं की हवेत गेलं. "मी गेल्यावर माझं काय राहणार गं?" ते बायकोला म्हणायचे. मटिल्डा म्हणायची, "तुमचे टोमणे राहतील, ते पुष्कळ आहेत." पण तिलाही ठाऊक होतं की ह्या दहा गीतांत आपला गज राहावा, एवढीच आता नवऱ्याची हौस उरली आहे.

सलग सहा शनिवार अंकल सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्या खोलीत गेले. शर्टाची बटणं लावायला हल्ली वेळ लागायचा. साखरेच्या आजाराने बोटं जराशी बधिर झाली होती, पण बटणाचं काय एवढं. कॉन्रॅड त्यांना माईकसमोर बसवी, वाजवून घेई आणि मग सगळ्यांचं मिळून गाणं ऐकवी. ऐकवलं की स्पीकरमधून चर्र, चट, चट, असा आवाज फुटायचा. गरम तेलात पाणी पडल्यासारखा.

"हे काय रे?"

"मशीनला झेपत नाही, अंकल. तुमचं व्हायोलिन सहा वेळा घेतलं, त्याच्या सहा लाइन्स झाल्या ना, लोड येतो."

"मग तीन ठेव."

"बघतो. क्लीन करून बघतो."

चौथ्या शनिवारनंतर कॉन्रॅडने त्यांच्या फोनवर एका गीताचा तुकडा पाठवला. पहिल्या ओळीनंतर व्हायोलिन उठलं, असं सरळ, असं गोड, की अंकल पडवीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या रडले. आपण इतकं चांगलं वाजवलं होतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण माणसाला आपली निंदा खोटी वाटते, स्तुती कधी खोटी वाटत नाही. त्यांनी तो तुकडा कॉयरच्या ग्रुपवर टाकला, कुवेतच्या मेव्हण्याला पाठवला, जुन्या बँडमास्तरांच्या मुलीला पाठवला आणि खाली लिहिलं, "व्हायोलिन मी. वय एकसष्ट." लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. दोन दिवस अंकल गावात सायकलवरून जरा जास्तच हळू फिरले.

पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं, "बाकीच्या नऊ गीतांत कधी टाकतोस मला?"

कॉन्रॅडने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "अंकल, नाही होणार. एकाच गाण्यात मशीनचा जीव गेलाय. त्या एकावरच ठेवू या."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. अंकलनी मात्र मशीनला जेवू घालायचं ठरवलं. वसईला अल्पेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तोच लग्नात साउंड सिस्टिमही लावायचा, म्हणून ओळख. त्याला फोन केला. अल्पेश म्हणाला, "रॅम, म्हणजे मशीनची मेमरी, वाढवली की भागेल बहुतेक. पण स्क्रीनचा फोटो काढून आणा, म्हणजे कळेल किती पाहिजे." सहाव्या शनिवारी कॉन्रॅड चहा आणायला आत गेला, तेवढ्यात अंकलनी फोटो काढला. चोरून नव्हे, नवल म्हणून. वाढदिवसाला पोराच्या हातात रॅम ठेवायची आणि त्याचं तोंड बघायचं, असा बेत होता.

सोमवारी अल्पेशने रॅमची पट्टी काउंटरवर ठेवली आणि फोटो मोठा करून बघितला. बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"अंकल, ह्या सहा पट्ट्यांवर तुमचं नाव आहे बघा. राखाडी दिसतायत ना, म्हणजे बंद करून ठेवल्यात."

"क्लीन केलेल्या वेगळ्या असतील. ह्या खालच्या निळ्या बघ, व्हायोलिन लिहिलंय."

"ते तुमचं नाही. तयार व्हायोलिन आहे, सॉफ्टवेअरमधलं. पियानोसारखी पट्टी दाबली की वाजतं."

अंकल हसले. "अरे, मी ऐकलंय ते. मीच आहे."

अल्पेशला वाईट वाटलं असावं, पण तो धंद्याचा माणूस, त्याला मशीनचं कोडं सुटायला हवं होतं. तो बोलत सुटला. "मेमरी भरलीय ती ह्या चार निळ्यांनीच. रेकॉर्ड केलेलं व्हायोलिन काही खात नाही हो, साठ लाइन्स टाकल्या तरी हलणार नाही मशीन. हे तयारवालं खातं. तेही एकदा फ्रीझ करून टाकायचं ना! दर वेळी नव्याने शिजवण्यापेक्षा एकदा शिजवून डब्यात भरायचं, मशीन मोकळं. आणि हे काय, बफर चौसष्टवर? मिक्स करताना चौसष्टवर कोण ठेवतं?"

"बफर म्हणजे?"

"गच्चीवरची टाकी समजा. टाकी मोठी असली की खालून पाणी अडखळलं तरी नळ चालू राहतो. टाकी तांब्याएवढी ठेवली तर नळ फुरफुरणारच. माईकवर वाजवताना टाकी छोटी ठेवावी लागते, नाहीतर आवाज उशिरा येतो. नंतर मोठी करायची. कॉन्रॅडला माहीत नाही असं होणारच नाही, मला त्यानेच शिकवलंय हे."

अंकलनी तो फोटो पुन्हा बघितला. नऊ गीतं, सहा शनिवार, चर्र, चट, आणि कुवेतला गेलेला तो तुकडा. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली.

"रॅम राहू दे मग?" अल्पेशने विचारलं.

"का? दे. बांधून दे."

ते तडक कॉन्रॅडकडे गेले. दुपारचे बारा वाजले होते. तो एकटाच होता. अंकल माईकसमोरच्या आपल्या खुर्चीत बसले नाहीत.

"ती टाकी मोठी कर."

"काय?"

"बफर, बफर! मोठा कर. आणि त्या निळ्या बंद कर, माझ्या सहा चालू कर."

कॉन्रॅडचा चेहरा उतरला. त्याने माऊस हलवला. चौसष्टचे एक हजार चोवीस झाले. राखाडी पट्ट्यांना रंग आला. गाणं सुरू झालं आणि स्पीकरमधून एकदाही चट झालं नाही. आवाज काचेसारखा स्वच्छ होता.

त्या स्वच्छ आवाजात अंकलनी स्वतःला ऐकलं. पहिली ओळ बरी होती. दुसऱ्या ओळीत वर जाताना सूर खाली राहिला. तिसऱ्या ओळीत पुन्हा तसंच. तिसरं बोट जिथे पडायला हवं त्याच्या केसभर मागे पडत होतं, सहाच्या सहा वेळा. एखाद्या पोराने असं वाजवलं असतं तर अंकलनी त्याला फुटबॉल खेळायला पाठवलं असतं.

"बंद कर," ते म्हणाले. "आता तोंडावर सांग."

"अंकल, जाऊ दे ना."

"सांग."

"सूर उतरतो तुमचा." कॉन्रॅडच्या डोळ्यांत पाणी आलं, सातव्या वर्षी यायचं तसंच. "दोन वर्षं झाली. मला बोलवेना, म्हणून मशीनवर ढकललं. वाटलं, तुमचं नाव टाकू, तुम्ही ऐकाल, खूश व्हाल. तो तुकडा ऐकून किती खूश होता तुम्ही."

"मी रडलो ते ऐकून. ठाऊक आहे तुला?"

"हो. मटिल्डा आंटी म्हणाल्या."

"चार बोटं कापून हातात दिली असतीस तरी चाललं असतं रे. सूर उतरला, उतरला. वय आहे, साखर आहे. पण मी आयुष्यभर कुणाला अंगणाला नावं ठेवू दिली नाहीत, आणि तू माझ्यासाठी अंगण वाकडं करून दिलंस! सहा शनिवार! वर एका मशीनचं वाजवणं माझ्या नावावर चढवलंस, आणि मी मूर्खासारखा ते गावभर वाटत सुटलो. केसाने गळा कापलास माझा. बरं, हे आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही, अंकल. शपथ."

अंकलनी खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली. "रॅम आहे. वाढदिवसाला देणार होतो, माझ्या व्हायोलिनला जागा व्हावी म्हणून. घाल. तुझ्या व्हायोलिनना लागेल." आणि दारात वळून म्हणाले, "माझं नाव काढ त्यावरून. आजच्या आज."

घरी मटिल्डा पडवीत चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. अंकल तिच्या शेजारी बसले, चष्मा पुसला आणि कॉयरच्या ग्रुपवर लिहायला लागले. बधिर बोटाने अक्षरं चुकत होती. चुकलेलं खोडून पुन्हा लिहीत त्यांनी संदेश पुरा केला: "मी पाठवलेल्या गीतातलं व्हायोलिन माझं नाही, कॉम्प्युटरचं आहे. मला माहीत नव्हतं. माझा सूर उतरतो, हे मला आज कळलं. माफ करा."

पाठवलं आणि ते वाट बघत राहिले. आता फोन खणखणणार, लोक विचारणार, अंकल, हे काय म्हणता, कुणी सांगितलं तुम्हाला, काहीतरीच काय. उत्तरं काय द्यायची हेही त्यांनी मनात जुळवलं. कॉन्रॅडला फार बोल लावायचा नाही, एवढं ठरवलं.

ग्रुपवर बावीस माणसं होती. एकेक करून सगळ्यांनी वाचल्याची खूण आली. कीबोर्ड वाजवणाऱ्या फ्लोराने पहिल्यांदा लिहिलं, "अंकल, रविवारी नेहमीसारखे या हं." मग एकाने हात जोडले. मग दुसऱ्याने. मग कुणीतरी लाल बदाम टाकला.

अंकलना आठवलं, गेली दोन वर्षं वरची ओळ आली की फ्लोरा कीबोर्डचा आवाज वाढवायची. त्यांना वाटायचं, पोरगी रंगात येते.

त्यांनी फोन पालथा ठेवला आणि मटिल्डाकडे पाहिलं. ती त्याच ग्रुपवर होती. रोज संध्याकाळी दोन हातांवर बसून त्यांचा रियाज ऐकत आली होती.

"तुलाही ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"आमची हिंमत कुठे होती हो," मटिल्डा म्हणाली. "तोंडावर सांगायचं तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना. ऐकून घ्यायचं कुणाला शिकवलंत?"

शेंगांचं ताट तिने दोघांच्या मध्ये सरकवलं. अंकलनी एक शेंग उचलली. बधिर बोटांनी ती मोडायला बराच वेळ लागला, आणि मटिल्डाने पहिल्यांदाच ती त्यांच्या हातातून काढून घेतली नाही.