चाराला पाच

सुतार आणि त्याची शिवणकाम करणारी बायको, दोघांना एकच खोड. चार फळ्या लागणार असतील तर तो गिऱ्हाइकाला पाच सांगतो. एखादी तडकते, एखादीत गाठ निघते. तीही चार मीटर कापडाला पाच सांगते. धुतल्यावर कापड आटतं आणि गिऱ्हाईक फुगतं. धंद्यात यानं कुणाचं वाईट झालं नव्हतं. पण आता घरात पहिलं बाळ यायचं होतं.

दवाखान्यापासून दुपट्यांपर्यंत सगळ्या चौकशा तिनं केल्या. तिनं आकडा सांगायचा, त्यानं कानामागची पेन्सिल काढून मांडायचा. तिच्या बिनपगारी महिन्यांच्या भाड्यासकट बेरीज झाली नव्वद हजार.

"नव्वद भरल्याशिवाय मी कात्री खाली ठेवणार नाही," तिनं जाहीर केलं.

मग चहातलं दूध बंद झालं. रविवारचं फिरणं गेलं. सुताराची दाढी आठवड्यातून एकदा होऊ लागली, तीही रडतखडत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अठ्ठावन्न हजार जमले आणि सातवा महिना सरला. तिचे पाय असे सुजले की ती नवऱ्याच्या चपला घालून शिवणाच्या दुकानात कामाला जाऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता कापायच्या टेबलापाशी उभं राहणं पुरे. पण बत्तीस हजार कमी होते. या चालीनं नव्वद भरेपर्यंत बाळ स्वतःच चालत जाऊन पाळणा पसंत करून आलं असतं.

अशात सुताराची आई राहायला आली. पहिलाच घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा चहा आहे की ब्रश धुतलेलं पाणी?"

"बचत आहे, आई," सुतार म्हणाला.

"कसली? लंगोटांना असे किती पैसे लागतात?"

"पन्नास लंगोट धरलेत."

"पन्नास! अरे, बाळ येतंय की पलटण?"

टाके घालता घालता सून थांबली. "पन्नास कुठले? अहो, मी चाळीस सांगितले होते."

"तू चाळीस म्हणालीस म्हणून तर पन्नास धरले. चाराला पाच. नासधूस नको का धरायला?"

"नासधूस मी आधीच धरली होती!" तिनं सुई उशीत खोचली. "लागणार होते बत्तीस."

सासूबाई एकदा मुलाकडे बघत होत्या, एकदा सुनेकडे.

"आणि दवाखाना?" सुतारानं हळूच विचारलं.

"तोही वाढवूनच सांगितला."

"भाडं?"

"सगळंच. तुम्हाला म्हणून कोरा आकडा कधी सांगितलाय मी?"

पेन्सिल कानामागून निघाली. नव्वदातून त्यानं आपली नासधूस वजा केली, उरले बहात्तर. बहात्तरातून तिची वजा केली. उरले सत्तावन्न हजार सहाशे. त्यानं डब्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"अगं, आपले भरून वर चारशे उरलेत!"

सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. "देवा, दोघं शहाणी एका घरात दिलीस! एक वेडं तरी द्यायचंस, चहाला दूध मिळालं असतं!"

बायको रडतेय की हसतेय हे सुताराला कळेना, म्हणून तो सरळ दूध आणायला धावला. सासूबाईंनी अर्धा लिटर सांगितलं होतं, त्यानं एक लिटर आणलं. त्या दिवशी त्यावर कुणी काही बोललं नाही.

दुधाचा चहा पिऊन तिनं कात्री खिळ्याला अडकवली आणि दुकानाच्या मालकीणबाईंना फोन लावला.

"बाई, उद्यापासून येत नाही. चार महिने."

शेजारून सुतार पंजा नाचवत होता. सासूबाईंनीही मान डोलावली. "पाचव्याचं भाडं माझ्याकडे लागलं," त्या कुजबुजल्या.

"पाच, बाई. पाच महिने."

"म्हणजे चारच ना?" पलीकडून मालकीणबाई म्हणाल्या. "मी काय तुला आज ओळखते?"

"नाही हो बाई," ती सुजलेले पाय स्टुलावर ठेवत म्हणाली, "या खेपेला पाच म्हणजे पाचच."