आधी पाणी, मग स्पर्श

सकाळचे नऊ वाजायच्या आत लाकडाच्या जुन्या वखारीत पाय ठेवायला जागा उरत नसे. कोणाच्या कमरेला पट्टा, कोणाच्या मानेला, कोणी दोन काठ्यांवर, कोणी सुनेच्या खांद्यावर रेलून आलेलं. दहाच्या सुमारास स्पर्शबाबा पांढऱ्या झग्यात प्रकट होत आणि एकेकाच्या दुखऱ्या जागेवर तळहात टेकवत. "सांग, कुठं गेलं दुखणं?" आणि दुखणं खरोखरच गेलेलं असे. जिना चढताना धापा टाकणारे उठाबशा काढून दाखवत. एका निवृत्त पोस्टमननं आनंदाच्या भरात काठी भिरकावली ती मागच्या बाईच्या खांद्यावर आपटली, तर बाई म्हणाल्या, मला लागलंच नाही. तेही चमत्कारातच जमा झालं.

"दुखणं म्हणजे काय?" बाबा विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "आगंतुक पाहुणा. डॉक्टर त्याला बसवून चहा पाजतात, मी त्याला दार दाखवतो. तुमच्या पेशी रुसलेल्या आहेत. मी पेशींशी त्यांच्या भाषेत बोलतो." ती भाषा कोणती हे विचारायची कोणाची छाती नव्हती. ज्याचा गुडघा दुखायचा थांबतो तो व्याकरण विचारत बसत नाही.

चौकातल्या औषधांच्या दुकानाचा मालक आज या वखारीत आला होता. त्याला सगळे नुसतं केमिस्ट म्हणत. तो चमत्कार बघायला आला नव्हता, तर थोरल्या बहिणीचा हात बघून आला होता.

ताई तीस वर्षं लॉंड्रीत उभं राहून इस्त्री करत होती. दोन्ही गुडघे झिजलेले आणि उजवा कायम सुजलेला. चार महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सूज उतरवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या, त्या केमिस्टनंच काढून दिल्या. त्याची एक सवय होती. कोणाला वाचता येवो न येवो, प्रत्येक पाकिटावर तो निळ्या शाईनं सकाळच्या गोळीसाठी सूर्य आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्र काढायचा. ताईनं सूर्य पाहिला आणि पाच आठवडे रोज सूर्य उगवताना, उपाशीपोटी, गोळी घेतली. चित्रात सूर्य होता, जेवणाचं ताट नव्हतं. पोटात आगडोंब उसळला तेव्हा ती दुकानात सांगायला आली. गर्दी होती. केमिस्ट मान वर न करता म्हणाला, "या वयात काही ना काही व्हायचंच, ताई."

ताईनं गोळ्या केरात टाकल्या आणि बाबांची वाट धरली. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज. ती खुशीत होती, फक्त अधूनमधून बसल्या जागी डुलकी लागायची. परवा ती इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याउभ्या पेंगली आणि गरम इस्त्री तिच्याच हातावर टेकली. जळल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं. "दुखलंसुद्धा नाही रे," ती भावाला कौतुकानं म्हणाली. "बाबांची कृपा." म्हणून आज केमिस्ट तिच्याबरोबर वखारीत आला होता.

वखारीच्या दाराशी नऊ वाजताच प्रत्येकाच्या हाती मंतरलेल्या पाण्याचा ग्लास मिळत होता. ताईनं तो घटाघटा संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. केमिस्टनं घोट तोंडात धरला. भरपूर साखर, गुलाबाचा वास आणि त्याच्याखाली जिभेच्या मुळाशी चिकटणारा कडूपणा. हा कुटलेल्या गोळीचा कडूपणा आहे, हे पंचवीस वर्षं गोळ्या हाताळणाऱ्या माणसाला लगेच कळलं. तो घोट थुंकायला मागच्या पडवीत गेला. तिथं एक मोठा खल होता, आणि शेजारच्या पिंपात गोळ्यांची रिकामी पाकिटं काठोकाठ भरलेली होती.

प्रत्येक पाकिटावर निळ्या शाईत एक सूर्य होता आणि एक चंद्र.

पाकिटं त्याच्याच दुकानातली होती. टाय लावलेला एक गोड बोलणारा गृहस्थ दर आठ दिवसांनी दुकानात यायचा, "आमच्या वृद्धाश्रमासाठी" म्हणत डॉक्टरी चिठ्ठ्यांची चळत पुढे करायचा. चिठ्ठ्यांवर रुग्णांची नावं वेगवेगळी, डॉक्टरची सही एकच. केमिस्ट गोळ्या काढून द्यायचा आणि सवयीनं हात पाकिटांवर चित्रं काढत राहायचा. वृद्धाश्रम कुठं आहे, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. विचारायला एक मिनिट लागलं असतं. खरं म्हणजे उत्तर नको असल्यामुळेच त्यानं विचारलं नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

कोणी पाहिलेलं नव्हतं. उद्यापासून टायवाल्याला गुपचूप नाही म्हणायचं, ताईला काहीतरी थाप मारायची आणि आपलं नाव झाकायचं. हा विचार घेऊन तो फाटकापर्यंत गेलासुद्धा. तिथून त्याला रांगेत बसलेली ताई दिसली. भाजलेला हात मांडीवर ठेवून ती जांभयांवर जांभया देत होती आणि पाणी वाटणाऱ्या मुलीला अजिजीनं म्हणत होती, "अर्धाच दे गं, एका ग्लासानं आता भागत नाही." ताईला इतक्या अजिजीनं काही मागताना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो मागे फिरला.

बाबा आल्याबरोबर तो पुढे झाला. "बाबा, माझी मान चार वर्षं आखडलेली आहे. पहिला हात माझ्यावर ठेवा. फक्त मी पाणी प्यायलेलो नाही."

बाबांनी तळहात ठेवला, डोळे मिटले, पेशींशी बराच वेळ बोलले. "गेलं?"

"नाही."

"श्रद्धा कमी आहे," बाबा म्हणाले आणि वखार हसली.

"असेल. मग ज्याची श्रद्धा आहे पण पाणी मिळालं नाही, असं कोणी आहे?"

मागून न्हावी उठला. मनगटाच्या दुखण्यानं बेजार, बाबांचा पक्का भक्त, आज उशीर झाल्यामुळे त्याचा ग्लास हुकला होता. बाबांनी त्याचं मनगट धरलं. न्हाव्यानं मनापासून प्रयत्न केला. "जरासं कमी... नाही बाबा. तेवढंच आहे."

"आज ऊर्जेनं दिशा बदलली आहे," बाबा म्हणाले.

"दिशा नाही, क्रम बदललाय," केमिस्ट म्हणाला. "पाणी नऊला, हात दहाला. गोळी पोटात गेल्यावर गुण यायला तासभर लागतो. तेवढा वेळ तुम्हाला शांत बसवतात आणि श्रेय तळहाताला मिळतं." त्यानं परत येताना पिंपातून खिशात घातलेली मूठभर पाकिटं वर धरली. "ही अफूच्या जातकुळीची गोळी आहे. खलात कुटून पाण्यात घालतात."

पुढच्या रांगेतून ताईचा आवाज आला. "हे सूर्य-चंद्र तुझेच ना रे?"

केमिस्टनं पाकिटं खाली घेतली.

"हो ताई. गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्या. कुठं जातात ते मी विचारलं नाही."

कोणीतरी त्याला चोर म्हणालं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग तो ताईकडे बघून बोलू लागला, कारण बाकीच्यांकडे बघायची त्याला लाज वाटत होती. "ताई, इस्त्रीखाली कापड जळतंय असं समज. डॉक्टरीणबाईंची गोळी इस्त्री थोडी थंड करते. तीही साधी नाही. पोट जाळते, मूत्रपिंड आणि रक्तदाब बिघडवू शकते, म्हणून खाऊन घ्यायची, कमीत कमी घ्यायची, तपासण्या करत घ्यायची. हे मी तुला सांगायला हवं होतं. ही दुसरी गोळी इस्त्रीला हातच लावत नाही. ती तुझं नाक बंद करते. वास येत नाही, कापड जळतच राहतं. मोठ्या ऑपरेशननंतर, कॅन्सरच्या वेदनांत ती देवासारखी धावून येते, पण डॉक्टरच्या नजरेखाली. झिजलेल्या गुडघ्यासाठी महिनोन्महिने ती साध्या गोळीपेक्षा सरस ठरत नाही, फक्त रोज थोडी जास्त मागते. तुझा गुडघा बघ. सूज तशीच आहे, आणि त्यावर तू उठाबशा काढल्यास."

ताईनं पदर सावरून गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा गरम होता.

"आणि कोणीही उद्यापासून एकदम बंद करू नका," केमिस्ट म्हणाला. "घाम फुटेल, अंग मोडून येईल, फिटही येऊ शकते. दवाखान्यात चला, हळूहळू उतरवतील."

एवढ्यात पडवीकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सगळे केमिस्टकडे बघत असताना टायवाला आणि बाबा पेशींचा निरोप न घेताच निघाले होते. केमिस्टनं त्याच दुपारी औषध निरीक्षकांना अर्ज दिला. त्यात दोषींमध्ये पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. दुकानाला कुलूप लागलं. निरीक्षकांनी झाकपाक केली नाही, आणि त्यानं करा असं म्हटलंही नाही.

ताईची गोळी उतरवायला सात आठवडे लागले. नाक गळायचं, पाय तळमळायचे, ती भावाला नाही नाही ते बोलायची. तो रोज तिच्या घरी जाऊन ऐकायचा. एका दुपारी ती शांत होती. लॉंड्रीतून मिळालेल्या उंच स्टुलावर बसून इस्त्री करायचा सराव चालला होता.

"गुडघा पूर्ण बरा होईल ना आता?" तिनं विचारलं.

"नाही. व्यायामानं आणि गोळीनं बरंच कमी होईल. थोडं राहील."

"बाबा असं कधी बोलले नसते."

"म्हणूनच ते बाबा होते."

ताई हसली नाही. "पण पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याशेजारी बसून विचारलं होतं, कुठं दुखतं, केव्हापासून दुखतं. खोटं असेल, पण विचारलं होतं. तुझ्या दुकानात मला ते कोणी विचारलं नाही."

केमिस्ट तिच्याशेजारी बसला. "आता सांग ताई, कुठं दुखतं?"

लोकहो, नुसत्या तळहातानं दुखणं जात नाही. ते जातं तेव्हा पोटात काहीतरी गेलेलं असतं. ते काय आहे, किती दिवस घ्यायचं, त्यानं काय बिघडेल, हे तीन प्रश्न विचारा आणि जो चिडेल त्याचं काही घेऊ नका. झग्यातल्याला विचारा तसंच काउंटरमागच्यालाही विचारा. आणि तुम्ही स्वतः काउंटरमागे बसत असाल, तर समोरचं माणूस दुखतंय म्हणालं की मान वर करा. तुम्ही खाली बघत राहिलात, तर ते उठून वखारीत जातं.