उकंडाचं ओझं

"तलवार घे दादा. बाकीचं जाऊ दे," पुष्पा म्हणाली आणि चहा गाळायला बसली.

संघदीपनं मोबाइल तिच्यापुढे धरला होता, पण तिनं मान वर केली नाही. रविवार असल्यामुळे जिनिंगचा वजनकाटा बंद होता. एरवी आठवडाभर तो बाभुळगावला त्या काट्यावर बसून कापसाच्या गाड्या मोजतो. आज सकाळीच गाडीला किक मारून तो पुष्पाच्या बंजारा तांड्यावर आला होता, कारण यवतमाळच्या दवाखान्यात नर्स असलेली पुष्पा सुटीला आईकडे आली होती आणि तिला विचारल्याशिवाय त्याला एक गोष्ट करता येत नव्हती.

मोबाइलवर एक बुटका, दाढीवाला गडी उभा होता. कमरेला तलवार, गळ्यात जडीबुटीचा बटवा आणि पाठीवर त्याच्याहून मोठं पोतं. त्याचं नाव उकंडा.

हा उकंडा जन्माला आला यवतमाळच्या बसस्टँडमागच्या सायबर कॅफेत. संघदीप आणि राजकुमार एका वर्गात होते, आणि पुष्पा ही राजकुमारची धाकटी बहीण. कॅफेत एक कॉम्प्युटर मिळायचा, त्याच्यापुढे दोन खुर्च्या आणि त्यांवर ही तिघं. त्यामुळे ऑनलाइन खेळात तिघांत मिळून एकच गडी. पहिले दोन गडी आठवड्याच्या आत गेले. एकाचा पासवर्ड विसरला, दुसऱ्यावर कुणीतरी डल्ला मारला. राजकुमारनं घरी येऊन "आमची दोन लेकरं जगली नाईत" असं आईला गमतीनं सांगितलं. सोनीबाईनं ते गमतीवारी नेलं नाही. "तिसऱ्याचं नाव उकंडा ठेवा," ती म्हणाली. "उकिरड्यावर टाकलेल्याकडं मरण पाह्यत नाई." नाव ठेवलं, आणि खरोखरच तो जगला.

त्या खेळात गड्याचा पेशा ठरवावा लागे. लढवय्या असेल तर तलवार, वैद्य असेल तर जडीबुटी, भारवाहक असेल तर ओझं. जिंकलं की गुण मिळत आणि ते एकाच कौशल्यात ओतावेत, असं शहाणी माणसं करत. या तिघांच्या शहाणपणाची बातच वेगळी! संघदीपला तलवार हवी, पुष्पाला जखमा बऱ्या करायच्या, आणि राजकुमार आपला दर वेळी ओझ्याला चिकटून. शेवटी त्यानंच नियम घातला, की तिघं बसल्याशिवाय गुणाला हात लावायचा नाही. त्या बैठकीला तो 'नसाब' म्हणायचा, म्हणजे तांड्यात न्यायनिवाड्याला बसते ती पंचायत. नसाब बसायची, भांडणं व्हायची आणि प्रत्येकाच्या पदरात थोडं थोडं पडायचं. उकंडाचं झालं एक ना धड, भाराभर चिंध्या. इतर खेळाडू त्याला पाहून हसायचे.

"ओझं वाहून काय मिळन बे तुले?" संघदीप चिडायचा.

"आमचा पंजोबा बैलायवर मीठ लादून मुलूखभर फिरला," राजकुमार म्हणायचा. "तलवारवाले गेले मातीत. मीठ पोचवणाऱ्याची लोकं वाट पाह्यत होते."

आणि रानात, गुहेत, जिथं मिळेल तिथं मिठाच्या गोण्या उचलून तो पोत्यात भरायचा. त्या मिठाचा खेळात दमडीचा उपयोग नव्हता. दुपारी लाईट जायची वेळ झाली की मात्र घाई त्यालाच. खेळ मधेच बंद पडला आणि उकंडा रानात उभा राहिला, तर लांडगे फाडून खायचे. म्हणून राजकुमार ओरडायचा, "बसव त्याले! लाईन जाईन!" मग उकंडाला पळवत गावच्या वेशीपाशी आणायचं, पाराखाली बसवायचं, आणि लाईट गेली की तिघांनी बाहेर येऊन तर्री-पोहे खायचे. ते पोहे आजही संघदीपच्या जिभेवर आहेत. तसे पुन्हा कुठं मिळाले नाहीत, कारण तशी तिघं पुन्हा कुठं बसली नाहीत.

पुढं राजकुमार ट्रकवर गेला. कापसाच्या गाठी घेऊन काट्यावर यायचा तेव्हा मुद्दाम गाडीतच बसून राहायचा.

"उतर खाली, तुह्यं वजन धरल्या जाते," संघदीप खिडकीतून ओरडायचा.

"धर न! सरदार, तलवार कुठी ठेवली?"

मग कावीळ झाली. पुष्पाच्याच दवाखान्यात, तिच्याच डोळ्यांसमोर तो गेला.

आता तो जुना खेळ आज संध्याकाळी बंद होणार होता. जुने गडी नव्या खेळात जाणार होते, पण तिथं ही सरमिसळ चालणार नव्हती. एक पेशा निवडायचा, बाकीचं पुसलं जाणार. पुण्याच्या खेळाडूंच्या एका टोळीनं संघदीपला निरोप पाठवला होता, की तलवारवाला असशील तर ये, जागा धरून ठेवतो. ते वाचल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या मोजणाऱ्या माणसाला कुणीतरी आपली जागा धरून ठेवणार, याचं फार अप्रूप वाटतं. त्याला मनापासून जायचं होतं. एकट्यानं बोट टेकवलं असतं तरी विचारणारं कोण होतं? पण नसाब मोडायला हात धजला नाही.

"तुह्या जडीबुटीचं काय?" त्यानं पुष्पाला विचारलं.

"कोणाले वाचवलं तिनं?" पुष्पाचा आवाज फाटला. "तू तलवार घे. आन् ते पोतं माह्यापुढं उघडू नको."

संघदीपला हवं तेच उत्तर मिळालं होतं, तरी त्याला बरं वाटलं नाही.

दारात तुरीची डाळ पाखडत बसलेल्या सोनीबाईनं सूप खाली ठेवलं. "दोघायचं झालं. माह्या पोराचं मत कोण देईन?"

पुष्पानं गाळणी खाली ठेवली.

"म्या देतो. माय हाओ त्याची, याडी," ती जवळ येऊन बसली. "पण पह्यले दाखव, त्यानं काय वाह्यलं थे."

संघदीपनं पोतं उघडलं. मीठ, मीठ, मीठ. बोट सरकवावं तसं मीठच. आणि सगळ्यात खाली संघदीपची स्वतःची पहिली तलवार, वाकडी, गंजलेली. नवी मिळाली तेव्हा 'फेकून दे' असं तोच राजकुमारला म्हणाला होता. तिच्या शेजारी पुष्पाची पहिली औषधाची कुपी, रिकामी. आईच्या खांद्यावरून पुष्पानं ती पाहिलीच. तिनं पदर तोंडाशी धरला.

"तलवार घेतली त याचं काय होते?" सोनीबाईनं विचारलं.

"पोतं लहान होते, याडी. मावत नाई थे खाली पडते."

"मीठ बी?"

"मीठ बी."

म्हातारीनं हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले. "मीठ सांडलं का पापण्यायनं वेचा लागते, बापू," ती म्हणाली. "माह्या लेकाच्या हातचं सांडू नको. मत दिलं म्या. आता तुमचं तुमी पाहा."

संघदीपनं उकंडाच्या कमरेच्या नव्या तलवारीकडे पाहिलं. ती मिळवायला एक अख्खा उन्हाळा गेला होता. त्यानं पुष्पाकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले आणि मान हलवली. मग त्यानं भारवाहकावर बोट टेकवलं.

उकंडा नव्या खेळात उतरला. कमरेची तलवार गेली, गळ्यातला बटवा गेला. पोतं तेवढं राहिलं. पुण्याच्या टोळीला त्यानं खरं काय ते कळवलं. 'मग जमणार नाही,' असं लगेच उत्तर आलं. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. फोन बंद करायला त्यानं हात नेला.

"थांब दादा," पुष्पा घाईघाईनं म्हणाली. "असा उभा ठेवू नको. बसव त्याले! लाईन जाईन."

तिघंही मोबाइलवर वाकली. संघदीपनं उकंडाला चालवत वेशीपर्यंत आणलं. नवा पार जुन्याहून मोठा होता. उकंडानं आधी पाठीवरचं पोतं अलगद खाली उतरवलं, ते पाराला नीट टेकवलं, आणि मग तो त्याच्या शेजारी बसला.