उघडी राहिलेली डिस्क

नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बायकांना ताई आसरा देते. कोण कुठं लपून राहते, कुणाचं मूल कुठल्या शाळेत जातं, सगळं तिच्या लॅपटॉपमध्ये. मी तिचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. स्वतःला कुलूप लावणारी डिस्क तिला मीच बसवून दिली.

"चावी डिस्कमधल्या चिपमध्येच असते," मी म्हणालो होतो. "बाहेर येतच नाही. चोरानं डिस्क उपटून नेली तरी त्याच्या हाती धुपाटणंच."

"बघ हं. माझ्या बायकांचे जीव आहेत यात."

"डोळे मिटून विश्वास ठेव."

तिनं ठेवला.

एका मंगळवारी दुपारी ती दोन मिनिटं शेजारच्या खोलीत गेली. परत आली तर टेबल रिकामं. तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "लॅपटॉप बंद केला होतास?"

"मिटला होता की."

मिटलेला लॅपटॉप बंद नसतो, नुसता झोपलेला असतो. ही डिस्क वीज तुटल्यावरच कुलूप लावते. वीज चालू ठेवून तिची वायर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, की पासवर्डशिवाय सगळं वाचता येतं. हे मला ठाऊक होतं. तिला उगाच गोंधळात कशाला टाकायचं, म्हणून सांगितलं नव्हतं. आताही जीभ रेटेना.

"डिस्कला कुलूप आहे," मी म्हणालो. "घाबरू नकोस."

खरं सांगायला दुसरा दिवस उजाडला. ताई एकेका बाईला फोन लावत सुटली. बाकीच्या बायका तासाभरात दुसऱ्या जागी हलल्या. शिवणकाम करणारी एक फोन उचलेना, तेव्हा आम्ही तिच्या मुलीच्या शाळेत धावलो.

"तिचे बाबा घेऊन गेले की," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "आत्ताच, अर्धा तास झाला."

ताईच्या ऑफिसच्या दारावरच्या कॅमेऱ्यात लॅपटॉप घेऊन जाणारा तोच निघाला.

सात महिने झाले. ना बाप सापडला, ना मुलगी. ताई माझ्याशी कामापुरतं बोलते. मुलीची आई पोलीस ठाण्यातून येते आणि ऑफिसच्या बाकावर बसून राहते. परवा तिनं मला विचारलं, "दादा, तुम्ही आदल्या दिवशीच सांगितलं असतं तर?"

"तर ती शाळेत गेलीच नसती," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. उठली आणि शिवणाच्या कामावर निघून गेली.